‘अ स्मॉल प्लेस’ : अँटिग्वाच्या स्वातंत्र्याची चिकित्सा

प्रस्तावना :
कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा व बार्बुडा हे द्वीपराष्ट्र १ नोव्हेंबर १९८१ रोजी स्वतंत्र झाले. राष्ट्रप्रमुखपद मात्र ब्रिटिश राजसत्तेकडेच राहिले. अँटिग्वावर इंग्रजांनी १६३२ मध्ये वसाहत स्थापन केली. पुढे उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणण्यात आली. ही गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपुष्टात आली. याच बेटावर १९४९ मध्ये जन्मलेल्या जमैका किन्केड यांचा ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) हा दीर्घ निबंध सामान्यतः वसाहतवादविरोधी लेखन म्हणून वाचला जातो. तथापि स्वातंत्र्याने नेमके काय बदलले, हा त्याचा मूळ प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
निबंधाचा प्रारंभ द्वितीयपुरुषी निवेदनाने होतो. वाचकालाच पर्यटक कल्पून लेखिका त्याला विमानतळावर उतरवते. त्यामुळे वाचक तटस्थ राहू शकत नाही. तोच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. राजधानीतील रस्त्यांना नेल्सन, रॉडनी, ड्रेक या इंग्रज दर्यावर्दींची नावे होती, याची ती आठवण करून देते.

परंतु तिचा रोष येथेच थांबत नाही. १९७४ च्या भूकंपात सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत निकामी झाली. दुरुस्ती होणार असल्याचा फलक लागला. दशक उलटले तरी तो तसाच राहिला. दरम्यान देश स्वतंत्र झाला. हा फलक निबंधात स्वकीय शासनाच्या अनास्थेचे प्रतीक ठरतो. विशेष म्हणजे ते ग्रंथालयही वसाहतकाळाचीच देणगी होती. ज्या भाषेत गुन्हा घडला त्याच भाषेत तक्रार मांडावी लागते, हा अंतर्विरोध लेखिका लपवत नाही. निबंधाचे नैतिक बळ या प्रांजळपणात आहे.

मर्यादा :
१९३९ मध्ये स्थापन झालेल्या कामगार संघटनेने मळेवाल्यांशी दिलेल्या लढ्याला निबंधात अत्यल्प स्थान मिळते. या संघटनेचे नेते व्ही. सी. बर्ड पुढे पहिले पंतप्रधान झाले. लढ्यातील नेतृत्व सत्तेत कसे बदलले, याची मीमांसा झाली असती तर सामान्य अँटिग्वन माणूस केवळ सोसणारा म्हणून उरला नसता.

निष्कर्ष :
नवे ग्रंथालय अखेर २०१४ मध्ये खुले झाले. तरीही निबंध कालबाह्य ठरत नाही. परकीय सत्तेला विचारलेला जाब स्वकीयांनाही विचारण्याचे धैर्य, हेच त्याचे स्थायी मूल्य होय.