दूरचित्रवाणीवरील विनोद आणि भाषेचा प्रश्न
‘तारक मेहता का उल्टा चष्मा’च्या एका भागावरील प्रतिक्रियांचा विचार

नाट्यकृतीच्या समीक्षेत कृतीचा विचार पुष्कळ होतो. प्रेक्षकाचा विचार मात्र बहुधा रसचर्चेच्या सूत्रमय भाषेत आटोपला जातो. संस्कृत साहित्यशास्त्राने ‘सहृदय’ नावाचा एक आदर्श रसिक कल्पिला आणि त्याच्या चित्तवृत्तींचे सूक्ष्म विवेचन केले. प्रत्यक्षातील प्रेक्षक इतका निर्मळ नसतो. तो स्वतःची भाषा, आपला प्रदेश आणि आपले जुने मानापमान बरोबर घेऊनच नाटकापुढे बसतो. घरोघर रोज रात्री दिसणाऱ्या विनोदी मालिकेच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेषच खरी आहे. अशा मालिकेच्या एखाद्या भागावर प्रेक्षक संतापतात तेव्हा त्या संतापात काही वाङ्मयीन सत्य असते काय, आणि असल्यास ते कोणते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेतीलच आहे. मार्च २०२० मध्ये मुंबईत उद्भवलेल्या एका वादाच्या आधारे त्याचा येथे विचार केला आहे. वाद मुंबईचा असला तरी त्यातील युक्तिवादांची पारख करण्यासाठी शिंदखेडा या खानदेशी तालुक्याची कसोटी लावली आहे. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

प्रथम वस्तुस्थिती. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही हिंदी मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली. तारक मेहता यांनी ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासून लिहिलेल्या ‘दुनियाने ऊंधा चष्मा’ या सदरावर ती आधारलेली आहे. मुंबईतील गोकुळधाम नावाच्या एका काल्पनिक वसाहतीत गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ, बंगाली इत्यादी कुटुंबे एकत्र नांदतात आणि त्यांच्या नित्याच्या अडचणींतून हास्य निर्माण होते, अशी तिची घडण आहे. २०२४ साली तिने ४००० भागांचा टप्पा ओलांडला. मार्च २०२० च्या आरंभी दाखविलेल्या एका भागात वसाहतीच्या फलकावर सुविचार कोणत्या भाषेत लिहावा असा प्रश्न निघतो. वयोवृद्ध चंपकलाल गडा निर्णय देतात, त्याचा आशय असा : वसाहत चेन्नईत असती तर सुविचार तमिळमध्ये लिहिला असता, अमेरिकेत असती तर इंग्रजीत, ती मुंबईत आहे, मुंबईची सर्वसामान्य भाषा हिंदी, म्हणून तो हिंदीत लिहावा.

या वाक्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. महाराष्ट्र नवनिर्माण चित्रपट कर्मचारी सेनेचे अध्यक्ष अमेय खोपकर यांनी जाहीर निषेध केला. निर्माते असितकुमार मोदी यांनी, मुंबई महाराष्ट्रात आहे व महाराष्ट्राची राजभाषा मराठीच आहे, असे सांगून दिलगिरी व्यक्त केली. चंपकलालांची भूमिका करणारे अमित भट्ट यांनीही लेखी क्षमा मागितली. पुढे मालिकेतही तारक मेहता या पात्राच्या मुखाने खुलासा करण्यात आला. वाद तेवढ्यावर मिटला.

या प्रसंगी दोन भूमिका समोरासमोर उभ्या राहिल्या. एका पक्षाने ते वाक्य निर्मात्याचे मत मानले. दुसरा पक्ष असे म्हणू शकतो की, विनोदी मालिकेतील पात्राचे बोलणे इतके मनावर घेण्याचे कारण नाही. हा दुसरा पक्ष वरवर रसिकतेचा वाटतो. परंतु तो टिकणारा नाही. अर्थाची व्यंजना वक्ता कोण, श्रोता कोण, स्वर कोणता यांवर अवलंबून असते, असे मम्मटाने सांगितले आहे. हेच वाक्य जेठालालच्या तोंडी असते, तर त्याच्या नेहमीच्या फजितीचा तो एक आरंभ ठरला असता आणि प्रेक्षक पुढील शिक्षेची वाट पाहत हसला असता. चंपकलालांचे स्थान निराळे आहे. ते वसाहतीतील वडीलधारे. त्यांचा शब्द म्हणजे वादाचा शेवट, अशी शिस्त मालिकेनेच बारा वर्षे जोपासली होती. त्यांनी उच्चारलेले वाक्य थट्टा म्हणून येत नाही, निवाडा म्हणून येते. म्हणून ‘हा केवळ विनोद होता’ हे उत्तर येथे अपुरे पडते.

याला दीर्घ मालिकेच्या स्वरूपाचीही जोड आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना अभ्यासकांस परिचित आहे. आपली भूमिका न सोडता रसिक दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, आणि या दुहेरी अवस्थेतच आनंद आहे, असा तिचा गाभा. तीन तासांच्या नाटकात ही दुहेरी अवस्था पडद्याबरोबर संपते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेत तिला असा शेवट नसतो. पात्रे शेजाऱ्यांसारखी होतात, आणि शेजाऱ्याच्या बोलण्याचा राग येतो तसा त्यांच्या बोलण्याचाही येतो. समाधीतील ‘विकल्प’ हळूहळू झिजतो. मालिकेची लोकप्रियता ज्या जवळिकीतून आली, त्याच जवळिकीतून हा संतापही आला. निर्मात्याला पहिली हवी असेल, तर दुसऱ्याबद्दल त्याने आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

शिवाय आक्षेपामागे इतिहास होता. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी अस्तित्वात आला तो दीर्घ लढ्यानंतर आणि शंभरांहून अधिक हुतात्म्यांच्या बलिदानानंतर. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. त्या मुंबईतील सार्वजनिक फलकावरून मराठीचे नावच गळावे, ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला क्षुल्लक वाटणे शक्य नव्हते. आक्षेप न्याय्य होता, एवढे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

तथापि आक्षेपाने चंपकलालांच्या अनुमानाचा केवळ निष्कर्ष नाकारला. त्याचे गृहीतक तसेच राहू दिले. ते गृहीतक असे : प्रत्येक स्थळाला एक भाषा असते, आणि स्थळ कळले की भाषा कळली. चेन्नई म्हणजे तमिळ, अमेरिका म्हणजे इंग्रजी, मुंबई म्हणजे हिंदी. आक्षेपकांनी शेवटच्या जोडीतील ‘हिंदी’ खोडून ‘मराठी’ लिहिले. निर्मात्याने आणि मालिकेतील खुलाशाने तीच दुरुस्ती स्वीकारली. येथे दोन भिन्न प्रश्नांची गल्लत झालेली आहे. चंपकलाल बोलत होते ते लोकव्यवहाराविषयी. उत्तर मिळाले ते राजभाषेविषयी. पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा आहे, दुसरा कायद्याचा व हक्काचा. राजभाषेचा हक्क व्यवहारातील बहुसंख्येवर अवलंबून नसतो, हेच मराठीच्या बाजूचे खरे उत्तर होते. ते बाजूला राहिले.

आता हे गृहीतक शिंदखेड्यास लावून पाहावे. शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील, तापीच्या दक्षिणेकडील तालुक्याचे गाव. सुरत–भुसावळ लोहमार्ग त्यास एकीकडे सुरतेशी, दुसरीकडे जळगाव–भुसावळशी जोडतो. येथील पुष्कळ घरांत बोलली जाते ती अहिराणी. तीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, ‘मला’च्या ठिकाणी ‘माले’ येते, ‘माझा’च्या ठिकाणी ‘मना’. हा ‘शे’ ऐकणाऱ्यास गुजरातीतील ‘छे’ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीच्या १९०७ च्या खंडात खानदेशीची मांडणी मराठीच्या खंडात न करता भिली बोलींबरोबर केली. मराठी अभ्यासकांनी तिला सामान्यतः मराठीची बोली मानले. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ ही मराठीहून वेगळी नोंदली गेली असून तिच्या भाषकांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार आहे. अहिराणीची गणना तीतच होते. म्हणजे शिंदखेड्याच्या भाषेचे नाव काय, याविषयी शास्त्र आणि शिरगणती यांचेही एकमत नाही.

यावर व्यवहाराचे थर चढलेले आहेत. शाळेत व कचेरीत प्रमाण मराठी, भिल्ल वस्त्यांत भिली बोली, दूरचित्रवाणीवर हिंदी, आणि कामधंद्यासाठी सुरतेस गेलेल्यांच्या तोंडी गुजराती. १९६० साली राज्यांची सीमा आखताना त्या वेळच्या पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातेत गेली. माणसांची बोली त्या रेषेबरोबर बदलली नाही. उलट, सुरत महानगरपालिका गुजराती शाळांबरोबर मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. ‘सुरत म्हणजे गुजराती’ हे सूत्र तेथील सार्वजनिक संस्थेलाच पुरत नाही. मग शिंदखेड्यातील एखाद्या वसाहतीच्या फलकावर चंपकलालांनी कोणत्या भाषेत सुविचार लिहावयास सांगितले असते? राजभाषेचे उत्तर मराठी, आणि ते योग्यही आहे. परंतु तेवढ्याने घरातील अहिराणी नाहीशी होत नाही. सार्वजनिक भाषेचा मान राखणे आणि ‘येथे एकच भाषा आहे’ असे म्हणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत, हे शिंदखेड्याचा प्रेक्षक अनुभवाने जाणतो.

याहून लक्षणीय गोष्ट अशी की, खुद्द चंपकलाल हेच आपल्या गृहीतकाला अपवाद आहेत. मालिकेप्रमाणे गडा कुटुंब कच्छमधील भचाऊचे. कच्छची राजभाषा गुजराती. परंतु तेथील कच्छी बोली ग्रिअर्सनने सिंधीच्या वर्गात ठेवली आहे. म्हणजे ज्याच्या प्रदेशात घरची बोली एक व शाळेची भाषा दुसरी, असा हा वृद्ध मुंबईस येऊन हिंदी बोलतो आणि स्थळागणिक एक भाषा असते असे सांगतो. या विसंगतीत उत्तम विनोदाचे बीज होते. ते ना लेखकांना दिसले, ना आक्षेपकांना.

ते का दिसले नाही, याचे उत्तर मालिकेच्या एकूण भाषाव्यवहारात आहे. तीत भाषा ही स्वभावाचे अंग म्हणून येत नाही. ती वेषासारखी पात्रावर चढविलेली असते. आत्माराम भिडे हे शिकवण्या घेणारे मराठी मास्तर व वसाहतीचे चिटणीस. फलकावर सुविचार लिहिणे हा त्यांचा नित्यक्रम. त्यांचे मराठीपण मात्र काही उद्गार, काही हेल आणि काटकसरीची सवय यांत सामावते. तमिळ, पंजाबी आणि बंगाली पात्रांची गतीही याहून निराळी नाही. नाट्यशास्त्रातील भाषाविधानातही पात्रांना वेगवेगळ्या भाषा नेमून दिल्या आहेत. मागधी, आवन्ती, शौरसेनी इत्यादी सात भाषा तेथे सांगितल्या आहेत. ती योजनाही सांकेतिकच होती व दर्जाच्या कल्पनांवर उभी होती. तरी प्राकृत बोलणाऱ्या विदूषकाला तीत संपूर्ण वाक्ये मिळत. त्याची भाषा म्हणजे केवळ त्याची खूण नव्हे. मराठी रंगभूमीवरही १९८० साली आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला हे पूर्ण स्थान दिले. तेथे मालवणी बोलणारा हास्याचा विषय न होता हास्याचा कर्ता झाला. गोकुळधामात असे कोणत्याही भाषेचे झाले नाही. ज्या भिडे मास्तरांच्या फलकाचा प्रश्न होता, त्यांच्या भाषेला मालिकेने बारा वर्षे उद्गारांपलीकडे फारसे जाऊ दिले नव्हते, आणि प्रेक्षक त्यावर हसत आले होते. दोष एका वाक्यात प्रकट झाला. तो त्या वाक्यात जन्मला नव्हता. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेची मर्यादा हीच की, तिने प्रकट झालेला दोष पाहिला आणि रूढ झालेला दोष पाहिला नाही.

परिमार्जनाच्या रीतीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. निर्मात्याने उत्तर देणे योग्यच होते. कृतीची जबाबदारी कर्त्याची असते. परंतु नटाने पात्राच्या वाक्याबद्दल क्षमा मागावी लागणे, ही नाट्यकलेच्या दृष्टीने चिंतेची गोष्ट आहे. भूमिकेतील प्रत्येक शब्दास नट उत्तरदायी ठरला, तर खलनायक कोणी उभा करावयाचा? सविकल्प समाधीतील विकल्प येथे पूर्णच लोपला. तारक मेहता या पात्राच्या मुखाने झालेला खुलासा यापेक्षा सौम्य होता. परंतु त्या क्षणी कथा थांबली आणि तिच्या जागी जाहीर निवेदन आले. मालिकेला आपल्याच साधनांनी उत्तर देता आले असते. भिडे मास्तरांनी चंपकलालांना त्यांच्या भचाऊची आठवण करून दिली असती, तर मराठीचा मानही राहिला असता आणि वृद्धाची चूक हास्यात विरली असती.

अशा प्रतिक्रियांचा अभ्यास करणाऱ्याने यातून एक पथ्य घ्यावे. प्रेक्षक दुखावला म्हणून तो अरसिक ठरत नाही, आणि दुखावला म्हणून त्याचे निदान अचूक ठरते असेही नाही. त्याची वेदना पुरावा म्हणून स्वीकारावी. तिचे कारण मात्र कृतीत शोधावे. प्रस्तुत प्रसंगी ते शोधताना मुंबईहून शिंदखेड्यापर्यंत यावे लागले. कारण मुंबईचा वाद दोन नामवंत भाषांमधील होता, आणि दोघींपैकी कोणती खरी एवढेच त्यात विचारले गेले. ज्या प्रेक्षकाची घरची बोली या दोहोंपैकी कोणतीच नाही, जो मराठीला आपली मानतो, हिंदी मालिका पाहतो आणि उठता बसता ‘शे’ म्हणतो, त्याला गृहीतकच चुकीचे असल्याचे ठाऊक आहे. त्याला प्रेक्षक म्हणून गणल्याखेरीज ‘मराठी प्रेक्षकाची प्रतिक्रिया’ हा शब्दप्रयोग पुरा होत नाही.