हवामान आयोग हवाय? आधी २००५ चा पाण्याचा कायदा वाचा

‘महाराष्ट्राला स्वतंत्र हवामान बदल आयोग हवा’ असं कुणी म्हटलं की सभागृहात माना डोलतात. माझीही डोलते. पण चर्चा पुढे सरकते ती आयोगावर कोण असावं याकडे. शास्त्रज्ञ किती, शेतकरी प्रतिनिधी किती, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती की निवृत्त सचिव. माझ्या अभ्यासाचा विषय राज्य पातळीवरच्या अशा संस्था कशा जगतात आणि कशा मरतात हा असल्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडतो. समजा हा आयोग झाला आणि त्याने जलसंपदा खात्याला पत्र लिहिलं की अमुक धरणाचं तुमचं नियोजन बदलत्या पावसाशी जुळत नाही. खात्याला उत्तर द्यावं लागेल का? किती दिवसांत? आणि नाही दिलं तर?

आपल्याकडे काहीच नाही अशी समजूत असेल तर ती काढून टाका. टेरी या संस्थेने राज्यासाठी केलेला हवामान जोखमीचा मोठा अभ्यास २०१४ पासून उपलब्ध आहे. पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले. (‘हवामान बदल’ म्हणायचं की ‘वातावरणीय बदल’, यावर मंत्रालय आणि वर्तमानपत्रं यांचं अजून जमलेलं नाही.) २ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. राज्य वातावरणीय कृती कक्ष आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून आलेला, शेतकऱ्यांच्या तोंडी ‘पोक्रा’ म्हणून रुळलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आहे, आणि तो पहिल्या टप्प्यातच पंधरा जिल्ह्यांतल्या पाच हजारांहून जास्त गावांत पोचला. म्हणजे कक्ष, अभियान, प्रकल्प, अहवाल सगळं आहे. अडचण अशी की प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी एका खात्याच्या छत्रीखाली आहे आणि एक खातं दुसऱ्या खात्याला ‘हे करू नका’ असं सांगू शकत नाही. पर्यावरण खात्याने नगरविकास खात्याला पूररेषेतल्या बांधकामावरून किती अडवलं, हे तुम्हीच आठवून बघा.

सांगली-कोल्हापूरचं उदाहरण ताजंच आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर आला, नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, २०२० मध्ये अहवाल आला आणि जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा घरांत शिरलं. एका वर्षात पूर थांबवता येत नाही, हे मान्य. माझा आक्षेप वेगळा आहे. कुठल्या खात्याने त्या अहवालातली कुठली शिफारस स्वीकारली, कुठली नाकारली आणि का नाकारली, हे ठरलेल्या तारखेला विधिमंडळासमोर लेखी मांडण्याची सक्ती कुणावरच नव्हती. समितीचं काम अहवाल दिला की संपतं. आयोगाचंही तसंच व्हायचं असेल तर फक्त पाटी बदलेल.

आता मुद्द्यावर येते. स्वतंत्र संस्था, कायद्याचं पाठबळ, तज्ज्ञ सदस्य, खोऱ्यांचा विचार, हा सगळा प्रयोग महाराष्ट्राने एकदा करून पाहिला आहे, आणि तोही पाण्यावर. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५. देशातलं अशा प्रकारचं हे पहिलं प्राधिकरण. हवामान आयोगाची मागणी करणाऱ्या प्रत्येकाने हा कायदा वाचावा असं मला वाटतं, कारण त्यातल्या वेगवेगळ्या तरतुदींचं नशीब पार वेगवेगळं निघालं.

पहिली तरतूद नियोजनाची. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल मंडळ, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद, आणि दोघांनी मिळून एकात्मिक राज्य जल आराखडा करायचा. नवे प्रकल्प त्या आराखड्यात बसतात की नाही हे बघून प्राधिकरणाने मंजुरी द्यायची. कागदावर वाचताना छाती फुगते. प्रत्यक्षात मंडळ आणि परिषद कित्येक वर्षं बसलीच नाहीत. आराखडा नाही, तरीही प्रकल्पांना मंजुऱ्या मिळत गेल्या, आणि शेवटी हे प्रकरण जनहित याचिकेतून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर गेलं. लक्षात घ्या, इथे कायदा होता. राज्यातले सगळ्यात ताकदवान दोन लोक अध्यक्ष होते. तरीही. आयोगाच्या अध्यक्षपदी मुख्यमंत्री असावेत म्हणजे वजन येईल, हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. ज्यांच्याकडे सगळ्यात कमी वेळ असतो, त्यांनी बैठक बोलावली नाही तर त्यांना विचारणार कोण?

दुसरी तरतूद वाटपाची. शेती, पिण्याचं पाणी आणि उद्योग यांच्यात पाणी कसं वाटायचं हे ठरवण्याचा अधिकार मूळ कायद्याने प्राधिकरणाला दिला होता. पुढे विदर्भात अप्पर वर्धा धरणाचं पाणी औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून वाद पेटला, आणि असं वाटप कुणी आणि कोणत्या अधिकाराने केलं हा प्रश्न अडचणीचा झाला. २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. क्षेत्रीय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला, आधीच्या निर्णयांनाही संरक्षण मिळालं. संस्था जिवंत राहिली, पण तिचा सगळ्यात महत्त्वाचा दात काढून घेतला गेला. यात बेकायदा काही नाही. विधिमंडळाने दिलं, विधिमंडळाने घेतलं. पण हवामान आयोगाचा मसुदा लिहिणाऱ्याने हे गृहीतच धरायला हवं की आयोग कामाला लागला तर कधी ना कधी त्याच्याही वाट्याला २०११ येणार.

आता तिसरी तरतूद, कलम १२(६)(क). टंचाईच्या काळात खोऱ्यातल्या सगळ्या धरणांमध्ये पाण्याचं समन्यायी वाटप व्हावं, असं ते सांगतं. हेही कलम आधी काही वर्षं झोपूनच होतं. २०१२ चा दुष्काळ आला, जायकवाडी कोरडं पडलं, मराठवाड्यातून लोक न्यायालयात आणि प्राधिकरणाकडे गेले. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये हिशोबाची पद्धत दिली, १९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणाचा आदेश आला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. आदेशाचा गाभा साधा आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१८ मध्ये सोडलं. २०२३ मध्येही सोडलं. दोन्ही वेळा वरच्या भागात आंदोलनं झाली, याचिका झाल्या, आणि तरी पाणी खाली आलं.

कायदा एकच, राज्यही तेच, मंत्रालयही तेच. मग हे कलम का चाललं? माझ्या मते तीन गोष्टींमुळे. त्यात तारीख होती, आकडा होता, आणि ज्याचं नुकसान होतं त्याला दार ठोठावायला एक ठिकाण होतं. आराखड्याच्या तरतुदीत यातलं तिसरं जवळपास नव्हतंच. आराखडा वेळेत झाला नाही म्हणून परभणीच्या एखाद्या शेतकऱ्याला ‘माझं अमुक इतकं पाणी गेलं’ असं सिद्ध करता येत नाही. जायकवाडीच्या बाबतीत ते मोजून दाखवता येतं.

बाहेरचं एक उदाहरण देते, कारण तेही राज्याचंच आहे, देशाचं नाही. अमेरिकेतल्या मेरीलँडने २००७ मध्ये गव्हर्नरच्या आदेशाने हवामान बदल आयोग नेमला. आपल्याकडच्या शासन निर्णयासारखंच हे: पुढचा माणूस एका सहीने रद्द करू शकतो. २००९ मध्ये उत्सर्जन कपातीचा कायदा आला, २००६ च्या पातळीपेक्षा २०२० पर्यंत २५ टक्के घट हे लक्ष्य घेऊन. आणि २०१५ मध्ये आयोगालाच कायद्याचा आधार दिला गेला. त्या कायद्यातली मला आवडलेली ओळ आयोगाच्या रचनेबद्दल नाहीच. ठरावीक राज्य खात्यांनी दरवर्षी आपापल्या कामाचा अहवाल आयोगाला द्यायचा, अशी ती आहे. उत्तर देण्याची जबाबदारी खात्यांवर टाकलेली आहे. त्यांचाही आयोग राज्याच्या पर्यावरण सचिवांच्याच अध्यक्षतेखाली चालतो, तेव्हा तो फार स्वतंत्र आहे असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे नवरोज दुबाश आणि इतर काही अभ्यासक देशासाठी अशाच धर्तीचा कायदा आणि आयोग सुचवत आले आहेत. रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये वाचला, तेव्हापासून या चर्चेला जोर आला आहे. पण दिल्लीतल्या मसुद्यांमध्ये भर असतो तो कार्बनवर. राज्याच्या हातात मुळात काय आहे? पाणी, शेती, जमीन, नगररचना, स्थानिक स्वराज्य संस्था. विजेवर अधिकार अर्धामुर्धा, पर्यावरणाचा मुख्य कायदा केंद्राचा. तेव्हा राज्य आयोगाचं खरं काम उत्सर्जन मोजत बसण्यापेक्षा पूर, टंचाई, उष्णता आणि दरडी यांच्याशी जास्त आहे. तिथे माणसं मरतात, आणि तिथले निर्णय मुंबईतच होतात.

म्हणून कधी मसुदा समोर आला, तर तुम्ही प्रस्तावना आणि सदस्यांची यादी सरळ ओलांडून जा. पूररेषा दर किती वर्षांनी नव्याने आखायची, याची मुदत आहे का बघा. दरडप्रवण गावाचं पुनर्वसन रखडलं तर त्या ग्रामसभेला थेट आयोगाकडे अर्ज करता येतो का बघा. आयोगाची शिफारस नाकारणाऱ्या खात्याला कारणं लेखी द्यावी लागतात का, आणि ती मराठीत सगळ्यांना वाचायला मिळतात का, हेही बघा. आयोगाचा पैसा ज्या खात्यावर त्याने बोट ठेवायचं त्याच खात्याकडून येणार असेल, तर बाकीचं वाचायचे कष्ट घेऊ नका.

आणि आकडा लिहिला म्हणजे तो कायमचा राहतो असंही नाही. जायकवाडीचे ६५ टक्के कमी करावेत अशी शिफारसही आता झाली आहे. नाशिक-नगरचं म्हणणं एक, मराठवाड्याचं दुसरं, आणि दोघांकडेही आपापली आकडेमोड आहे. निदान भांडण कशावरून आहे, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्याला नेमकं ठाऊक आहे.