तीन आडव्या रेघा : एलिझाबेथ द बर्गची लग्नं

मागच्या व्याख्यानात संमतीचा प्रश्न अर्धाच राहिला होता. आज तो एका बाईच्या चरित्रातून पाहू. एलिझाबेथ द बर्ग, जन्म १२९५, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाची नात. कुठलीही वंशावळ उघडा, तिच्या नावापुढे तीन आडव्या रेघा आणि तीन नवरे : जॉन द बर्ग, थिओबाल्ड द व्हर्डन, रॉजर डॅमरी. आमची तक्रार या रेघांबद्दल आहे. त्या एकसारख्या ओढलेल्या असतात. लग्नं एकसारखी नव्हती.

पहिलं १३०८ सालचं. भाऊ गिल्बर्ट याला जॉनची बहीण, आणि जॉनला ही तेरा वर्षांची मुलगी. म्हणजे तीच वहिनी, तीच नणंद. साटंलोटं आपल्याला समजावून सांगायला नको. जॉन १३१३ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी गिल्बर्ट बॅनकबर्नच्या लढाईत पडला, मागे मूल नाही. क्लेअर घराण्याची अफाट जमीन तिघी बहिणींत वाटली जाणार हे उघड झालं आणि या तरुण विधवेचा भाव चढला.

फेब्रुवारी १३१६ मध्ये व्हर्डनने तिला ब्रिस्टलच्या किल्ल्यातून नेलं आणि लग्न केलं. जाब विचारल्यावर तो म्हणाला, आयर्लंडमध्येच आमचं ठरलं होतं, ती आपणहून बाहेर आली. आता वाद असा, की पळवली की पळाली? आम्हाला हा वादच चुकीच्या जागी उभा दिसतो. चर्चच्या कायद्यात लग्न दोघांच्या संमतीने होत असे. इथे तिच्या संमतीची साक्ष देतो कोण, तर नवरा. आणि राजाचा राग कशावर? त्याची परवानगी घेतली नाही यावर. तिला विचारलं होतं का, हा मुद्दा दोन्ही बाजूंना नाही.

व्हर्डन त्याच जुलैत वारला. मार्च १३१७ मध्ये त्याची मुलगी जन्मली, आणि काही आठवड्यांत दुसऱ्या एडवर्डने (हा तिचा सख्खा मामा बरं का) तिला आपल्या मर्जीतल्या डॅमरीला दिलं. ‘त्या काळी बायकांना निवड सुचतच नसे’ हे उत्तर चालणार नाही. तिच्या आईने, जोनने, विधवा झाल्यावर १२९७ मध्ये राजाला, म्हणजे बापाला, न सांगता पदरच्या एका साध्या माणसाशी लग्न लावलं होतं. सुचत होतं, पण महाग पडत होतं.

डॅमरी बंडात सापडून १३२२ मध्ये मेला. तिला मुलांसह बार्किंगच्या मठात ठेवलं. थोरल्या बहिणीचा नवरा डिस्पेन्सर याने दडपण आणून अस्क घेतलं, बदल्यात कमी मोलाचं गॉवर दिलं, पुढे तेही गेलं. १३२६ मध्ये तिने गुप्तपणे एक निषेधपत्र करवून घेतलं : हे सारं जबरदस्तीने झालं. ते पत्र जमिनीबद्दल आहे. म्हणून तिला लग्नांचं काही वाटत नव्हतं, असं म्हणणं घाईचं होईल. जमिनीवरची जबरदस्ती कागदावर मांडता येत होती आणि ती परत मिळण्याची आशा होती. तिसरं लग्न कोणापुढे मांडायचं? मामापुढे?

राजा पडल्यावर अस्क तिला परत मिळालं. पुढे १३६० पर्यंत, अडतीस वर्षं, ती विधवाच राहिली. जहागीर स्वतः चालवली, केंब्रिजचं क्लेअर कॉलेज उभं केलं. कॉलेजच्या चिन्हाभोवती काळी किनार आणि त्यावर सोनेरी थेंब आहेत. ते नवऱ्यांसाठीचे अश्रू, असं पाहुण्यांना सांगतात. त्याच चिन्हात, किनारीच्या आत, दोनच घराणी आहेत : माहेरचं क्लेअर आणि पहिलं सासर बर्ग. व्हर्डन नाही, डॅमरीही नाही.