‘घाशीराम कोतवाला’चें पुनरुज्जीवन : एक परामर्श

विजय तेंडुलकर यांचें ‘घाशीराम कोतवाल’ हें संगीत-नृत्यप्रधान नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुणें येथें प्रथम झालें. एकोणीस प्रयोगांनंतर तें बंद पडलें. १९७४ सालीं थिएटर अकॅडमीनें तें पुन्हां रंगभूमीवर आणिलें. त्या पुनरुज्जीवनाचा विचार येथें कर्तव्य आहे.

विरोधकांचा आक्षेप ब्राह्मणांच्या व नाना फडणिसांच्या बदनामीचा होता. परंतु ललितागौरीचें प्रकरण कल्पित असून, हें ऐतिहासिक नाटक नव्हे असें नाटककारानेंच सांगितलें आहे. तेव्हां कागदपत्रांच्या कसोटीवर त्यास खोटें ठरविण्यांत पुरुषार्थ नाहीं.

आमचा आक्षेप निराळा आहे. इ. स. १७९१ मध्यें तेलंगी ब्राह्मण कोतवालाच्या कोठडींत गुदमरून मेले, ही घटना खरी. नाटकांत मात्र त्यांचा मृत्यु घाशीरामाच्या पतनाची केवळ पायरी ठरतो; त्या परस्थांस तेथेंही न्याय मिळत नाहीं. तथापि ब्राह्मणांची नाचती रांग क्षणांत पडदा व क्षणांत जमाव होते, तेव्हां हवालीं केलेल्या माणसास दगडांनीं ठेचणाऱ्या गर्दीचा अपराध जसा प्रत्ययास येतो, तसा शुष्क टिपणांतून येत नाहीं. हें या नाटकाचें श्रेय निःसंशय होय.

संग्राहकांच्या दप्तरांत त्या मृतांचीं नांवें असल्यास तीं प्रकाशांत यावींत. तेवढा न्याय देणें आम्हां इतिहासाभ्यासकांचेंच काम आहे.