शून्यांचा तक्ता

११ एप्रिल १९७५ च्या ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांचा दहा पानांचा एक लेख छापून आला. माणूस आणि चिंपांझी यांची उत्क्रांती दोन पातळ्यांवर वेगवेगळी दिसते, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. किंग यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्सन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.साठी केलेलं काम त्याच्या मुळाशी आहे. रसग्रहण कवितेचं करायचं असतं, ही आपली शाळेपासूनची सवय. तरी या लेखाचं रसग्रहण करावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. पुराव्यानं अपेक्षा मोडली तर संशोधकानं काय करावं, याचं इतकं देखणं उदाहरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

लेखात लवकरच एक तक्ता येतो. एका बाजूला प्रथिनांची नावं, दुसऱ्या बाजूला माणूस आणि चिंपांझी यांच्या त्या प्रथिनांत किती अमिनो आम्लांचा फरक पडतो, तो आकडा. हिमोग्लोबिनच्या आल्फा आणि बीटा साखळ्या: शून्य. सायटोक्रोम सी: शून्य. रक्त गोठताना सुटणारी फायब्रिनोपेप्टाइडं: शून्य. मायोग्लोबिनमध्ये एक. अल्ब्युमिन आणि ट्रान्सफरिन यांच्यासमोर जरा मोठे आकडे आहेत, पण तेही एक अंकीच. सगळं मिळून सरासरी हजार अमिनो आम्लांमागे सातेक फरक. किंग आणि विल्सन यांनी हा तक्ता मागच्या पानावर ढकलला नाही, की त्यातल्या दोन-चार फरकांना फुगवलं नाही. शून्यं जशी आली तशी मांडली, आणि पुढचा सगळा विचार त्या शून्यांवर उभा केला.

एका तक्त्यावर ते थांबत नाहीत. ४४ जनुकांपासून बनणारी प्रथिनं विद्युतप्रवाहात किती वेगानं सरकतात हे पाहून त्यांनी दोन जातींमधलं अंतर मोजलं. मग डीएनएचे धागे एकमेकांत गुंफून ते किती तापमानाला सुटतात, या तिसऱ्या वाटेनं आलेले आकडे तपासले. तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या: सरासरी मानवी प्रथिन चिंपांझीच्या प्रथिनाशी ९९ टक्क्यांहून अधिक जुळतं. इथे लेखक वाचकाला एक तुलना देतात, आणि ती मनात रुतून बसते. माणूस आणि चिंपांझी यांच्यातलं हे जनुकीय अंतर फळमाश्यांच्या अगदी जुळ्या जातींमधल्या अंतराएवढं आहे. त्या माश्या एकमेकींपासून ओळखायला तज्ज्ञालाही कष्ट पडतात. आणि माणूस व चिंपांझी यांना तर प्राणिशास्त्रानं तेव्हा दोन वेगळ्या कुळांत ठेवलं होतं.

आमच्या बोदवड तालुक्यात शिरसाळ्याचा मारुती आहे. शनिवारी तिथे गर्दी लोटते. वानराला नमस्कार करणाऱ्या या मुलखाला माणूस आणि वानर यांच्यातल्या जवळिकीचा धक्का बसत नाही. चिंपांझी तर देवळाभोवती दिसणाऱ्या वानरापेक्षा आपल्यालाच अधिक जवळचा. आपले आणि त्याचे पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्यामुळे या लेखातलं मला भिडतं ते साम्य नाही, त्यानंतर येणारा प्रश्न. सामान एवढं सारखं असेल, तर चालणं, बोलणं, मेंदूचा आकार, हाताचा अंगठा, हे सगळं वेगळं कशामुळे झालं?

उत्तराकडे जाताना लेखक एक आकृती काढतात. तिच्यात दोन झाडं शेजारी-शेजारी आहेत, दोन्हींना एकेक फाटा. डावं झाड शरीररचना आणि राहणीमान यांच्या पुराव्यावर काढलेलं: त्यात माणसाची फांदी लांब, चिंपांझीची आखूड. उजवं झाड प्रथिनं आणि डीएनए यांच्या पुराव्यावर काढलेलं: त्यात दोन्ही फांद्या जवळपास सारख्या. लेखाचा सगळा युक्तिवाद या चार रेषांमध्ये आहे. एकाच इतिहासाची दोन मापं घेतली आणि ती जुळली नाहीत, तर एक माप खोटं मानायचं की दोन्ही खरी धरून तिसरं काही शोधायचं? किंग आणि विल्सन दुसरा मार्ग घेतात. बेडकांचं उदाहरणही ते याच कामाला लावतात. बेडकांच्या जाती दिसायला फारशा बदलल्या नाहीत, पण त्यांची प्रथिनं मात्र सस्तन प्राण्यांच्या प्रथिनांइतक्याच गतीनं बदलत राहिली. म्हणजे शरीर आणि प्रथिनं यांची गती एकमेकींना बांधलेली नाही.

डाव्या झाडाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. माणसाची फांदी लांब, हे ठरवलं कोणी? माणसानंच. दोन पायांवर चालणं आपल्याला मोठा बदल वाटतो; झाडांवर आणि जमिनीवर सारख्याच सहजतेनं वावरणाऱ्या चिंपांझीनं तेवढ्याच काळात काय काय कमावलं, त्याचं माप आपल्याकडे नव्हतं. गुणसूत्रांच्या फेरमांडणीवरचा भागही मला सैल वाटतो. आपली गुणसूत्रं ४६, चिंपांझीची ४८, आणि तुकड्यांची जागा बदलल्यानं जनुकांचं वागणं बदललं असेल, अशी कल्पना तिथे मांडली आहे. कल्पना चांगली आहे, पण ती पुराव्याच्या बरीच पुढे धावते.

आता गाभा. लेखकांचं म्हणणं असं की जनुकं कोणती आहेत यापेक्षा ती केव्हा, कुठे आणि किती प्रमाणात चालू होतात, यातल्या बदलांनी दोन जाती वेगळ्या केल्या असाव्यात. गर्भ घडताना एखादं जनुक थोडं आधी चालू झालं किंवा थोडं उशिरा बंद झालं, तरी त्यातून बनणारा अवयव वेगळा होतो. प्रथिनाची घडण तीच राहते, वेळ आणि प्रमाण बदलतं.

हे समजून घ्यायला बोदवडच्या वाचकाला लांब जायला नको. आपल्या कोरडवाहू रानात उभ्या कपाशीत हेच घडतं. २००२ साली भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिच्यातलं बोंडअळीला मारणारं जनुक मातीतल्या एका जिवाणूचं आहे, पण ते चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा, ज्याला प्रमोटर म्हणतात, तो फुलकोबीवर रोग पाडणाऱ्या विषाणूकडून घेतलेला आहे. जनुक एकाचं, खटका दुसऱ्याचा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कपाशीत अळीला मारणारं प्रथिन किती बनतं हे मोजलं आणि २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापलं. पानांत ते सर्वांत जास्त, पाती आणि बोंडांत त्याहून कमी, फुलाच्या बीजकोशात आणि बोंडाच्या सालीत फारच कमी. पेरणीनंतर ११० दिवस उलटले की अळीला मारायला लागणाऱ्या मात्रेच्याही खाली. झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुक तेच होतं. अळी जिथे घुसते तिथेच त्याचा आवाज सर्वांत बारीक होता. गुलाबी बोंडअळीनं पुढे कमावलेली प्रतिकारशक्ती हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण ‘जनुक आहे’ आणि ‘जनुक काम करतंय’ यांत किती अंतर असतं, ते खानदेशातल्या शेतकऱ्यानं स्वतःच्या खिशातून पैसे घालवून शिकलेलं आहे.

किंग आणि विल्सन यांच्याकडे जनुकांचं हे वागणं मोजायचं साधन नव्हतं. तसं त्यांनी तेव्हाच सांगितलं, आणि पुढचं काम काय असावं हेही सांगितलं. विल्सन १९९१ मध्ये गेले. किंग यांनी त्याआधीच्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए१ या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली आणि जगभर त्याच कामानं ओळखल्या जाऊ लागल्या. २००५ मध्ये चिंपांझीचा जीनोम वाचून झाला. एकेका अक्षराचे फरक सुमारे साडेतीन कोटी निघाले, प्रमाण १.२३ टक्के, १९७५ च्या अंदाजाच्या अगदी जवळ. पण अक्षरं वाचून खटका कधी दाबला जातो ते कळत नाही. त्यासाठी जिवंत पेशी लागतात.

अडचण तिथेच होती. माणसाचं यकृत किंवा हृदय आणि चिंपांझीचं यकृत किंवा हृदय शेजारी ठेवून तुलना करायची, तर ऊती मृत्यूनंतरच मिळतात. एकानं आयुष्यभर भाकरी खाल्लेली असते, दुसऱ्यानं पिंजऱ्यातली फळं. वय वेगळं, मृत्यूचं कारण वेगळं, मृत्यूनंतर ऊती गोळा करायला लागलेला वेळ वेगळा. सापडलेला फरक जातीचा की जगण्याचा, हे सांगता येत नाही. आणि गर्भ घडतानाच्या अवस्था तर पाहणंच अशक्य. चिंपांझीच्या गर्भावर असा प्रयोग करणं कोणत्याही सभ्य समाजाला मान्य होणार नाही, होऊ नये.

वाट मिळाली ती जपानमधून. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्यानं मागे नेलं, इतकं मागे की त्या पुन्हा कोणत्याही अवयवाची पेशी होऊ शकतील. या प्रेरित मूलपेशी, म्हणजे आपण ज्यांना सर्रास स्टेम सेल म्हणतो त्यांतलाच एक प्रकार. २०१२ च्या नोबेलमध्ये यामानाका यांच्याबरोबर जॉन गर्डन होते.

आणि मग २०१५ मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात आलेला शिकागो विद्यापीठातल्या योआव गिलाड यांच्या गटाचा लेख. पहिलं नाव आयरीन गायेगो रोमेरो यांचं. या लेखाला किंग-विल्सन यांच्या लेखाची झळाळी नाही. तो संयमी आहे, एक साधन तयार केलं आणि ते इतरांच्या हाती देतो, एवढंच तो म्हणतो. पण १९७५ चा लेख वाचून मग हा वाचला, की चाळीस वर्षं रिकामी राहिलेली जागा भरताना दिसते. सात निरोगी चिंपांझींच्या त्वचापेशींपासून मूलपेशींचे सात वाण त्यांनी तयार केले. शेजारी माणसांचे सात. तेही वेगवेगळ्या वंशसमूहांतले, आणि मुळात वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींपासून बनवलेले. मग दोन्हींमध्ये कोणती जनुकं किती चालू आहेत ते आरएनए मोजून पाहिलं, आणि जनुकांच्या चालू-बंद होण्याशी जोडलेल्या मिथाइलच्या रासायनिक खुणा डीएनएवर कुठे आहेत तेही.

त्यातला जो निष्कर्ष मी पुन्हा पुन्हा वाचतो, तो असा. मूलपेशी झाल्यावर एकाच जातीतल्या व्यक्तींमधले फरक खूपच कमी झाले. एकीचा उगम रक्तातला, दुसरीचा त्वचेतला, एक या खंडातली, दुसरी त्या खंडातली. मागे नेताना त्या आठवणी बऱ्याच अंशी पुसल्या गेल्या. पुसलं गेलं म्हणून नुकसान झालं, असं वाटणं साहजिक आहे. शिकागोच्या गटानं त्याला लाभ मानलं, आणि ते बरोबर होतं. व्यक्तीव्यक्तींमधली गजबज शांत झाल्यामुळे दोन जातींमधले अगदी लहान, पूर्वी कधीच हाती न लागलेले फरक ऐकू येऊ लागले. किंग आणि विल्सन यांनी शून्यांकडे जसं पाहिलं, तसंच हे पाहणं. फरक नाहीसे झाले तर त्या नाहीसं होण्याचाच उपयोग करायचा.

पुढची कामं वेगानं आली. जोआना वायसोका यांच्या गटानं २०१५ मध्येच दोन्ही जातींच्या मूलपेशींपासून चेहऱ्याची हाडं घडवणाऱ्या पेशी बनवल्या आणि त्यांच्यात जनुकांना दुरून चालना देणारे डीएनएचे तुकडे कसे वेगळे वागतात ते दाखवलं. पण मला सर्वांत सुंदर वाटतो तो २०२१ चा प्रयोग. स्टॅनफर्डच्या हंटर फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाची मूलपेशी आणि चिंपांझीची मूलपेशी एकत्र जोडून एकच पेशी केली. आता दोन्ही जीनोम एकाच घरात, एकाच अन्नावर. या स्थितीतही माणसाकडून आलेली जनुकाची प्रत आणि चिंपांझीकडून आलेली प्रत यांचं काम वेगळं असेल, तर तो फरक त्या प्रतीच्या शेजारच्या डीएनएतच आहे. परिस्थितीला दोष देता येत नाही. इतकी स्वच्छ मांडणी १९७५ मध्ये स्वप्नातही नव्हती. या प्रयोगात कोणताही प्राणी जन्माला आला नाही, येणारही नव्हता. हे सांगून ठेवतो, कारण अशा बातम्यांची आपल्याकडे भलतीच रूपं होतात.

बशीतल्या पेशीला भूक लागत नाही, आई नसते, कळप नसतो. सात व्यक्तींवरून अख्खी जात बोलत नाही. पेशी आणि प्राणी यांच्यातलं हे अंतर शिकागोचा लेख लपवत नाही, आणि आपणही ते विसरू नये. तरी या बशीचं एक मोठेपण आहे. २०१५ मध्येच अमेरिकेनं बंदिवासातल्या चिंपांझींना धोक्यात असलेल्या प्रजातीचं संरक्षण दिलं आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं त्यांच्यावरचे प्रयोग थांबवले. चिंपांझीला हात न लावता त्याच्याबद्दल विचारण्याची रीत अगदी वेळेवर तयार झाली.

बोदवड, मुक्ताईनगर, भुसावळच्या महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. जनुक-नियमनाचा धडा आला की किंग आणि विल्सन यांची ती दहा पानं वर्गात वाचा, आणि त्यांच्यासोबत नागपूरचा कपाशीवरचा लेख. पहिला तास फक्त त्या तक्त्याला द्या. मुलांना शून्यं मोजू द्या, आणि पुढे काय करायचं ते त्यांनाच आधी विचारा.