बेडफर्ड फॉल्स नेमके कोठे?

फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) हा बोलपट अमेरिकेच्या नाताळाशी इतका एकजीव झाला आहे की त्यातील बेडफर्ड फॉल्स हे गाव कल्पित आहे, हे मानणे पुष्कळांना जड जाते. न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्सने तर ते गाव आपणच, असे ठरवूनच टाकले आहे. दर डिसेंबरात तेथे उत्सव भरतो, आणि २०१० मध्ये या बोलपटाचे संग्रहालयही उघडले. अशा दाव्याची थट्टा करणे सोपे असते. आम्हांस तो तपासण्याजोगा वाटतो.

चित्रीकरणापुरते पाहिले, तर सेनेका फॉल्सचा काडीचाही संबंध नाही. ते झाले कॅलिफोर्नियात, एन्सिनो येथील आरकेओ कंपनीच्या आवारात. सुमारे चार एकरांवर पंचाहत्तर दुकाने-इमारतींचे नेपथ्य होते. पूर्ण वाढलेले वीस ओकवृक्ष मुळांसकट आणून लावले होते. हिमवर्षाव दाखवायचा तोही भर उन्हाळ्यात! त्यापूर्वी पडद्यावरचे बर्फ म्हणजे पांढरे रंगविलेले कॉर्नफ्लेक्स. पायांखाली ते एवढे कुरकुरत की संवाद मागाहून भरावे लागत. येथे आग विझविण्याच्या फेसात साबण व पाणी मिसळून निःशब्द बर्फ सिद्ध केले गेले, आणि अकादमीने त्या कामगिरीचा गौरव केला. नृत्याच्या प्रसंगी दुभंगून खालचा तलाव उघडा करणारी जमीन मात्र खरी. ती बेव्हर्ली हिल्स हायस्कूलच्या व्यायामशाळेची. एन्सिनोचे आवार १९५४ मध्ये पाडण्यात आले. बेडफर्ड फॉल्स जेथे प्रत्यक्ष उभे होते, तेथे आज त्याची खूणही नाही.

मग सेनेका फॉल्सच्या हाती उरते काय? संवादांत रॉचेस्टर, एल्मायरा ही त्या भागातली खरी शहरे येतात. पण मुख्य साक्षीदार म्हणजे गावचा लोखंडी पूल. १९१७ मध्ये पाण्यात उडी घेतलेल्या एका मुलीला वाचविताना एक तरुण इटालियन स्थलांतरित येथे बुडाला; त्याच्या नावाची पाटी पुलावर आहे. काप्रा स्वतः सिसिलीहून आलेले. त्यांनी ती पाटी वाचली होती, याला लेखी आधार नाही. आमच्या मते साम्य लोखंडात नाही, उडीत आहे. मरावयास आलेला जॉर्ज बेली दुसरा कोणी बुडताना पाहून स्वतःचे मरण विसरतो. साऱ्या कथेचा भार त्या एका क्षणावर आहे. तेवढ्यापुरता त्या गावाचा अधिकार आम्ही मान्य करू.

आम्हां बदलीवाल्यांना हा बोलपट उलट्या बाजूने भिडतो. जॉर्ज प्रवासासाठी ऐसपैस सूटकेस निवडतो आणि जन्मभर गावातच अडकतो. आमच्या ट्रंकांवरची स्थानकांची नावे तेवढी बदलत राहतात. राहिलेल्या माणसाचे दुःख जेम्स स्टुअर्टने असे दाखविले आहे की गेलेल्यालाही अपराधी वाटावे.

तरीही एक ठिकाण आम्हांस खटकते. जॉर्ज जन्मलाच नसता तर मेरीचे काय झाले असते? बोलपटाचे उत्तर असे, की ती अविवाहित राहिली असती, चष्मा लावून ग्रंथालयात नोकरी करीत, पुरुष जवळ येताच किंचाळत. आणि ही मेरी कोण? ठेवीदारांची झुंबड उडते तेव्हा मधुचंद्राची रक्कम पुढे करणारी, गळक्या वास्तूचा संसार मांडणारी, अखेर गावभर मदत गोळा करणारी. डोना रीडने उभी केलेली ही कर्ती स्त्री नवऱ्यावाचून एवढीच उरावी, ही काप्रांच्या कल्पनेची दरिद्रता होय. ग्रंथपालाची नोकरी ही शिक्षा कधीपासून झाली?

सेनेका फॉल्सच्या उत्सवात याचा उच्चार अवश्य व्हावा. स्त्रियांच्या हक्कांची १८४८ सालची परिषद याच गावात भरली होती. तिची जागा आणि बोलपटाचे संग्रहालय, दोन्ही एकाच फॉल स्ट्रीटवर आहेत. एकातून निघून दुसऱ्यात पायी जाता येते.