‘श्वास’ पुन्हा पाहताना

घाटकोपरच्या एका शाळेत शिक्षकांसाठी ‘श्वास’ हा चित्रपट दाखवण्यात आला. त्यानंतर एका बाईंनी मला विचारले, ‘‘सर, मुलाच्या दोन्ही डोळ्यांना कर्करोग होतो, तो आनुवंशिक असू शकतो म्हणता, मग आईवडील निरोगी कसे असू शकतात?’’

सर्वोत्तम चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा, संदीप सावंत दिग्दर्शित हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. कोकणातल्या परशुरामचा जीव वाचवायचा, तर त्याची दृष्टी जाणार. हे त्याला सांगायचे कसे, हा आजोबांपुढचा आणि डॉक्टरांपुढचा पेच. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांनी तो कोठेही भडक होऊ दिलेला नाही. मात्र पडद्यावर दिसते ते या रोगाचे एक टोक आहे. प्रेक्षक तेच संपूर्ण चित्र समजण्याचा धोका आहे.

तेराव्या गुणसूत्रावरील आरबी-१ हे जनुक पेशीविभाजनाला लगाम घालते. त्याच्या दोन प्रतींपैकी एक शाबूत असली तरी पेशीचे काम भागते. दोन्ही बिघडल्या की दृष्टिपटलात गाठ होऊ शकते. हा ‘दोन आघातांचा’ तर्क आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली ४८ रुग्णांच्या नोंदींवरून मांडला. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल, तर दुसरा आघात कोणत्याही डोळ्यात होऊ शकतो. म्हणून दोन्ही डोळ्यांत गाठी दिसल्या, की दोष जन्मजात मानतात.

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. बहुतेक वेळा हे उत्परिवर्तन बीजपेशीत नव्यानेच घडलेले असते. काही घराण्यांत मात्र ते सौम्य असते. प्रथिन मधेच तुटले, तर बहुधा दोन्ही डोळे ग्रासले जातात. एखादेच अमिनो आम्ल बदलले आणि प्रथिन थोडेफार काम करीत राहिले, तर एकाच डोळ्यात गाठ होते, किंवा जन्मभर काहीच होत नाही. अशी निरोगी व्यक्तीही तो दोष प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यतेने देते.

चित्रपट परशुरामपाशी थांबतो. प्रत्यक्षात अशा घरातल्या पुढच्या बाळाचे डोळे जन्मापासून तपासावे लागतात. गाठ लहान असतानाच सापडली, तर लेझर, शीतोपचार आणि औषधे यांनी पुष्कळदा डोळा व दृष्टी दोन्ही वाचतात.

‘श्वास’ वर्गात जरूर दाखवा, आणि नंतर फळ्यावर त्या दोन प्रतीही काढा. बालवाडीतल्या एखाद्या मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक किंवा नवा तिरळेपणा दिसला, तर त्याच आठवड्यात पालकांना नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा.